कात्री लावण्याआधी : जुन्या पानांच्या कोलाजविषयी वाचकांचे प्रश्न

नव्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घरात आला की माळ्यावरचा जुना गठ्ठा खाली येतो आणि रद्दीच्या वाटेला लागतो. त्या गठ्ठ्यातली चित्रे कापून कोलाज करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : मांडणी छान जमली, चिकटवताना चित्र बिघडले. म्हणून उत्तरांत मांडणीपेक्षा कागद, पाणी आणि खळ यांवर जास्त लिहिले आहे.

प्रश्न : आजोबांनी जपलेली १९४० ते १९७० या काळातली मासिके आणि दिवाळी अंक घरात आहेत. कोलाजसाठी कापावेत असे वाटते, पण हात धजत नाही. काय कापावे, काय ठेवावे? (पुणे)

हात धजत नाही ते बरेच आहे. मराठीत दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने केली. तेव्हापासूनच्या पहिल्या काही दशकांतले अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत शाबूत असे सहज हाती लागत नाहीत. त्यामुळे आधी प्रत्येक अंक उघडून तीन गोष्टी पाहा : मुखपृष्ठ आहे का, अनुक्रमणिकेप्रमाणे सगळी पाने आहेत का, आणि मधली रंगीत चित्रे जागेवर आहेत का. तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर त्या अंकाला कात्री लावू नका. अंकाचे नाव, महिना आणि वर्ष यांची यादी करा आणि ती एखाद्या जुन्या ग्रंथालयाला दाखवा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. त्यांच्याकडे नसलेला एखादा अंक तुमच्या माळ्यावर असू शकतो.

कापायला घ्यावेत ते मुखपृष्ठ गेलेले, वाळवी लागलेले, पाण्यात भिजून एका बाजूने कुजलेले अंक आणि दुहेरी प्रती. त्याखेरीज जुनी पाठ्यपुस्तके, नकाशासंग्रह, शिवणकामाची पुस्तके, बियाण्यांचे कॅटलॉग, रेल्वेची वेळापत्रके हेही उत्तम साहित्य आहे आणि रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने मिळते. जुन्या शब्दकोशांचा पातळ कागद पार्श्वभूमीसाठी फार चांगला.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कापलेल्या प्रत्येक तुकड्यामागे मऊ पेन्सिलीने अंकाचे नाव, वर्ष आणि पान लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि पाणी लागले की काही शाया पसरतात. साबणाची किंवा केसांच्या तेलाची साधी जाहिरातसुद्धा त्या काळाची खूण असते. ती कुठून आली हे हरवले की अर्धी किंमत गेली.

जुन्या अंकांत गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रे पुष्कळदा वेगळी छापून एका कडेने चिकटवलेली असतात. ती ओढू नका. चिकटवलेल्या कडेवर ओलसर टिपकागदाची बोटभर रुंद पट्टी ठेवा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि बोथट सुरीने हळूच सोडवा. पट्टी ओलसर हवी, पाणी गळणारी नको. पिना गंजल्या असतील तर त्या मागच्या बाजूने सरळ करून आधी काढून टाका. पान ओढले की गंजाचा डाग आणि भोक दोन्ही चित्रात येतात.

प्रश्न : दिवाळी अंकातले चित्र फेव्हिकॉलने चिकटवले. वाळल्यावर सुरकुत्या पडल्या आणि मागच्या पानावरची अक्षरे चेहऱ्यावर दिसू लागली. काय चुकले? (नाशिक)

यात दोन चुका आहेत आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

आधी सुरकुत्या. कागद म्हणजे तंतूंची जाळी. तंतू पाणी प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. गिरणीत यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला छापखान्यात ग्रेन म्हणतात. म्हणून ओला झालेला कागद ग्रेनला आडवा पसरतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी असते, पण तो लवकर पकड घेतो. कागद पसरायचा थांबण्याआधीच काही जागा चिकटून बसतात, उरलेला कागद मध्ये उभा राहतो. तीच सुरकुती.

ग्रेन ओळखायचा असेल तर समासाचा पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून एकाच बाजूने ओला करा. तो लगेच नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, ग्रेन त्या दिशेला.

उपाय असा : चिकटवण्याआधीच कागदाला पसरून घेऊ द्यायचे. तुकडा पालथा ठेवा, मागून ओल्या स्पंजने सारखा ओला करा आणि तो वळवळायचा थांबून सपाट पडेपर्यंत थांबा. वर्तमानपत्राच्या कागदाला अर्धा मिनिट पुरते, जाड मुखपृष्ठाला दोन-तीन मिनिटे लागतात. मग खळ लावा, एका कडेपासून ठेवत जा, वर बटर पेपर घाला आणि मधून कडेकडे हात फिरवा. वर टिपकागद, त्यावर सपाट फळी आणि चार-पाच किलो वजन. पहिला टिपकागद वीस मिनिटांनी बदला, दुसरा तासाभराने, आणि मग चोवीस तास हात लावू नका. टिपकागद न बदलल्यामुळे बिघडलेली कामे, वजन कमी पडल्यामुळे बिघडलेल्या कामांपेक्षा जास्त असतात. हे ओले करण्याचे तंत्र मात्र चकचकीत आर्ट पेपरला लावू नका. त्याचे पुढे येईल.

आता अक्षरे. पातळ कागद अपारदर्शक दिसतो तो तंतूंच्या मधल्या हवेमुळे. त्या हवेच्या जागी डिंक शिरला की कागद भज्यांखालच्या कागदासारखा आरपार होतो. डिंकात भरपूर पाणी घालून चोपडला की हेच होते. थर पातळ ठेवा आणि खाली पांढरा कागद घेऊ नका. पांढऱ्यावर मागची काळी अक्षरे उठून दिसतात. काळ्या किंवा गडद राखी कागदावर त्यांचा उठाव नाहीसा होतो. चित्र एक छटा गडद होते, म्हणून फिक्या चित्रांना राखी आणि ठसठशीत चित्रांना काळा वापरा. चिकटवण्याआधी चित्र दोन्ही रंगांवर ठेवून वर काच दाबून पाहा, लगेच कळेल.

बिघडलेले चित्र सोडवायला जाऊ नका. वाळलेला फेव्हिकॉल पाण्याने सुटत नाही, वरचा कागदच निघतो. मात्र तो उष्णतेने मऊ होतो. वर बटर पेपर ठेवून मंद इस्त्री दहा सेकंद दाबा आणि थंड होईपर्यंत वजनाखाली ठेवा. बारीक सुरकुत्या बऱ्याच बसतात, मोठ्या बसणार नाहीत. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक वेळी खळ वापरा म्हणता. मैद्याची खळ केली तर दोन दिवसांत आंबली आणि चित्रावर पिवळट डाग पडला. नक्की प्रमाण काय? (सोलापूर)

मैद्यात स्टार्चबरोबर ग्लुटेन असते. ते पिवळट पडते, लवकर कुजते आणि कसर-झुरळांना आवडते. पतंगाला किंवा भिंतीवरच्या पोस्टरला मैद्याची खळ चालते, कारण त्यांना वर्षानुवर्षे टिकायचे नसते. कोलाजला हवा निव्वळ गव्हाचा स्टार्च, आणि तो ज्या घरांत कुरडया होतात तिथे ओळखीचाच आहे : चीक.

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून ठेवतात. रात्रभरात तळाशी पांढरा घट्ट चीक बसतो आणि वर पिवळसर पाणी राहते. तोच चीक, मीठ घालण्याआधी, वाटीभर बाजूला काढा. तीन दिवसांत तो थोडा आंबलेला असतो आणि आंबटपणा कागदाला मारक, म्हणून धुवून घ्यायचा : स्वच्छ पाणी घाला, ढवळा, चार तास बसू द्या, वरचे पाणी ओता. असे तीनदा. वरचे पाणी नितळ आणि वासाविना राहिले की चीक तयार. तो ताटात पसरून सावलीत खडखडीत वाळवला तर वर्षभर डब्यात राहतो.

कुरडयांचा मोसम नसेल तर पाव किलो मैदा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि पातेल्यातल्या पाण्यात तो गोळा चोळत धुवा. पाणी दुधासारखे होते आणि हातात रबरासारखा गोळा उरतो; ते ग्लुटेन, ते टाकून द्या. दुधाळ पाणी रात्रभर ठेवले की खाली स्टार्च बसतो.

आता शिजवणे. वाळलेला स्टार्च १ वाटी असेल तर पाणी ५ वाट्या. पण एवढी करू नका; दोन चमचे स्टार्च आणि दहा चमचे पाणी एका मध्यम कोलाजला भरपूर होते. अर्धा तास भिजवा, मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे सतत ढवळा. आधी ती पांढरी आणि दुधाळ दिसेल, मग एकदम दाटेल. इथेच बरेच जण गॅस बंद करतात आणि खळ कच्ची राहते. पुढे ढवळत राहिले की पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी, चमकदार होते आणि उलथन्यावरून धारेऐवजी पडद्यासारखी ओघळते. तेव्हा उतरवा. झाकून पूर्ण थंड करा आणि चहाच्या बारीक गाळणीतून चमच्याने दाबत दोनदा काढा. गुठळी राहिली तर ती चित्राखाली कायमची पुळी होऊन बसते. वापरताना पाणी घालून जाड कागदासाठी दह्याइतकी, पातळ कागदासाठी ताकाइतकी सैल करा.

पुस्तक बांधणारे कारागीर खळ टिकावी म्हणून मोरचूद घालतात. घरी घालू नका. ते विषारी आहे, आणि तांब्यामुळे कागद लवकर जीर्ण होतो. एक वाटी खळीला लवंगेच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. फ्रिजमध्ये ठेवली तर ती पाणी सोडून रवाळ होते. दोन दिवसांपुरतीच करावी आणि वास बदलला की टाकावी.

खळीचा मोठा गुण म्हणजे ती पाण्याने पुन्हा सुटते. पन्नास वर्षांनी कुणाला तो तुकडा सोडवून नीट करायचा असेल तर वाट मोकळी राहते. जाड पुठ्ठा किंवा कापड चिकटवायचे असेल तर मात्र ती एकटी कमी पडते. तिथे दोन भाग खळीत एक भाग फेव्हिकॉल मिसळा.

प्रश्न : पावसाळ्यात चकचकीत मासिकांची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली. काही अंकांवर बुरशी आहे, काहींत कसर. वाचवता येतील का? (म्हापसा)

चकचकीत आर्ट पेपरवर चिनी मातीचा थर चढवलेला असतो. तो ओला झाला की मऊ पडतो आणि शेजारच्या पानाच्या थरात मिसळून वाळतो. एकदा तसा वाळला की पाने सुटत नाहीत. ओढली तर छपाईसकट थर निघतो. वाचवायची वेळ पाने ओली असतानाचीच असते. तेव्हा पान पान वेगळे करून मध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली वाळवा. वीट झालेल्या अंकाची आशा सोडा. पाने ओढून निघणारे पांढरे ओरखडे पोत म्हणून वापरता येतात, एवढेच.

या थरामुळेच आर्ट पेपर चिकटवताना मागून पाण्याने भिजवायचा नाही. फेव्हिकॉल पाणी न घालता घ्या, जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने पातळ थर ओढा, चित्र लगेच ठेवा आणि लगेच वजनाखाली घाला.

बुरशीला आधी वाळवा. कडक उन्हात नको, रंग उडतात आणि कागद कडक होतो. सावलीत, वारा असेल तिथे. वाळून भुकटी झाल्यावर घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने आपल्यापासून दूर झाडा. दमा असलेल्यांनी हे काम करूच नये. काळे डाग राहतील ते राहू द्या. असे अंक बाकीच्या साठ्यात मिसळू नका.

कसर मारायला डांबराच्या गोळ्यांपेक्षा थंडी बरी. अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतले बाष्प थंड कागदावर जमून नवीनच संकट उभे राहते. थंडीने बुरशी मात्र मरत नाही, नुसती थांबते.

प्रश्न : कितीही नीट कापले तरी चित्राभोवती पांढरी रेघ दिसते. कोणते हत्यार वापरावे? (मुंबई, दादर)

मेडिकलच्या दुकानात मिळणारे ११ नंबरचे सर्जिकल ब्लेड आणि त्याला बसणारे ३ नंबरचे हँडल. खाली कटिंग मॅट. काचेवर कापले तर रेघ सुबक येते, पण टोक लगेच बोथटते.

पांढरी रेघ म्हणजे कागदाचा गाभा. छपाई फक्त वरच्या थरावर असते. ब्लेड सरळ उभे धरले की गाभ्याची कड दिसते. म्हणून हँडल चित्राच्या बाहेरच्या बाजूला थोडे कलते धरा, म्हणजे टोक चित्राखाली शिरते आणि कड आतल्या बाजूला उतरती कापली जाते. तरीही रेघ राहिली तर शेजारच्या रंगाच्या पेन्सिलीचा हात कडेवरून, चित्र पालथे ठेवून, मागून पुढे फिरवा. समोरून रंगवले तर रंग चित्रावर येतो.

कापायचा क्रमही महत्त्वाचा. आधी सेंटिमीटरभर समास सोडून ढोबळ कापा. मग आतली भोके कापा : कमरेवरचा हात, कानातला डूल, सायकलची चाके. बाहेरची रेघ शेवटी. उलट केले तर धरायला कागद उरत नाही आणि नाजूक भाग फाटतो. कात्री वापरत असाल तर कात्री जागेवर ठेवून कागद फिरवा. ब्लेड एका दमात दाबू नका, हलक्या हाताने दोनदा फिरवा. कड भुरभुरू लागली की नवीन ब्लेड घ्या आणि जुनी झाकणाच्या डबीत साठवा. कचऱ्यात मोकळी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.

फाडलेली कड हवी असेल तर दिशा ठरवता येते. चित्र आपल्याकडे तोंड करून धरा. जो भाग तुम्ही स्वतःकडे ओढाल त्याची कड रंगीत राहते आणि हातात स्थिर धरलेल्या भागाला पांढरी खरबरीत किनार येते. डोंगर, ढग, लाटा यांना ती किनार शोभते.

प्रश्न : कोलाज वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात खळ ब्रशवरच वाळते. (नागपूर)

खळ वाळताना आकसते आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते. तोल साधायला पुठ्ठ्याच्या मागेही तेवढ्याच मापाचा कागद, त्याच खळीने, ग्रेनची तीच दिशा ठेवून, त्याच दिवशी चिकटवा. बांधणीकार पूर्वापार हेच करतात.

भुशाचा पिवळा पुठ्ठा टाळा. त्यातला आम्लांश वर्षांगणिक चित्रात चढतो आणि तपकिरी डाग पडतात. ३०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद सर्वांत चांगला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तसा कागद. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना पडलेले असल्याने तो एकाच बाजूला पसरत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात काम सकाळी करा, पंखा आणि कूलर बंद ठेवून. खळ नेहमीपेक्षा सैल घ्या आणि एका वेळी तळहाताएवढ्याच भागाला लावा.

प्रश्न : जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणांचा पिवळेपणा आवडतो, पण तो वाढत जाणार का? (कोल्हापूर)

वाढणार, आणि शेवटी कागद चुरा होणार. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो. ही पद्धत जर्मनीत केलर यांनी १८४४ मध्ये शोधली. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू एकत्र धरून ठेवणारे द्रव्य, तसेच राहते आणि उजेड व हवा लागली की ते पिवळे पडून आम्ल तयार होते. आजचे वर्तमानपत्र अर्धे झाकून आठवडाभर खिडकीत ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

कात्रण मूळच वापरायचे असेल तर धुवून घ्या. आधी ओल्या कापसाने कोपऱ्यातली शाई तपासा. छपाईची शाई तेलाची असल्याने बहुधा हलत नाही, पण रबरी शिक्के आणि फाउंटन पेनची शाई पसरते. डासांच्या जाळीचे दोन तुकडे घ्या, मध्ये कात्रण ठेवा आणि उथळ ट्रेमधल्या स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवा. पाणी फिक्या चहासारखे होईल. ते बदला, आणखी पंधरा मिनिटे. जाळीसकटच बाहेर काढा, ओले कात्रण हाताने उचलले की फाटते. टिपकागदांत वाळवा. कात्रण पांढरे होणार नाही, पण आम्लांश बराच निघून जातो आणि कागद थोडा लवचीक होतो. न धुतलेले कात्रण चांगल्या चित्राला थेट टेकवून ठेवू नका. काही वर्षांत कात्रणाच्या आकाराचा तपकिरी चौकोन चित्रावर उमटतो.

प्रश्न : मूळ अंक न कापता प्रत काढून वापरली तर चालते का? स्कॅन केले की चित्रावर जाळीदार पट्टे येतात. (ठाणे)

चालते, आणि दुर्मीळ अंकासाठी तोच मार्ग आहे. पट्टे येतात कारण जुने छायाचित्र ठिपक्यांनी छापलेले असते आणि ते ठिपके स्कॅनरच्या जाळीशी झगडतात. ६०० डीपीआयला स्कॅन करा, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये डीस्क्रीन (ठिपक्यांचे पट्टे घालवणारी सोय) असेल तर लावा, आणि पानामागे काळा कागद ठेवा म्हणजे मागची अक्षरे येत नाहीत. प्रिंट लेझरची घ्या. इंकजेटची शाई खळीच्या पाण्याने फुटते.

भिंग जवळ ठेवा. जुन्या ब्लॉकच्या छपाईत, म्हणजे शाई लावलेला धातूचा ठसा कागदावर दाबून केलेल्या छपाईत, ठिपक्याच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद कंगोरा दिसतो. ऑफसेटमध्ये शाई रबरी पृष्ठावरून कागदावर उतरते, म्हणून तिचा ठिपका सपाट असतो. ब्लॉकच्या छपाईचा चेहरा आणि ऑफसेटचे शरीर एकत्र जोडले तर काहीतरी खटकते, पण का ते कळत नाही, ते यामुळे. ठिपक्यांचा आकार जुळणारे तुकडे एकत्र घ्या, किंवा एखादा तुकडा मुद्दाम तिप्पट मोठा करून ठिपकेच चित्राचा विषय होऊ द्या.

प्रश्न : असे कोलाज विकता येते का? जुन्या चित्रकारांचा हक्क आड येतो का? (छत्रपती संभाजीनगर)

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीवरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत.

विकत घेतलेल्या अंकातला मूळ तुकडा कापून केलेले एकुलते एक कोलाज, आणि त्याच कोलाजच्या छापील प्रती, कॅलेंडरे किंवा टी-शर्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत नवी प्रत निघते, आणि तिथे हक्कधारकाची परवानगी लागते. स्कॅन करून केलेले कोलाजही याच दुसऱ्या गटात येते. विक्रीचा मोठा बेत असेल तर वकिलाला विचारून घ्या. प्रदर्शनात लावताना चित्रकाराचे नाव मात्र हक्क संपला असला तरी लिहावे. मागच्या बाजूला पेन्सिलीने नोंद ठेवा म्हटले ते इथेही कामाला येते.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्यायचे आहे. सुरुवात कशाने करावी? (शिक्षिका, सातारा)

चेहऱ्यांनी नको. चेहरे दिले की मुले डोळे-नाक जोडत बसतात. पहिल्या तासाला मासिकांतले फक्त रंग आणि पोत फाडून गोळा करू द्या : आकाश, साडी, गवत, भिंत. दुसऱ्या तासाला त्यांतून एक फळ किंवा एक भांडे. मुलांना शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची कागदी कोलाजे दाखवा. १९५७ मध्ये त्यांची दृष्टी गेली, त्यानंतर त्यांनी कागदाचे आकार हातांनी चाचपून चित्रे रचली. आकार किती थोड्यात बोलतो हे त्या कामांतून मुलांना चटकन उमगते.

ब्लेड या वयात नको, गोल टोकाची कात्री पुरे. मांडणी पूर्ण होईपर्यंत डिंकाची बाटली टेबलावर आणू नका. मांडणी पक्की झाली की फोनवर फोटो काढा, तुकड्यांमागे क्रमांक घाला, आणि मागच्या थरापासून चिकटवत पुढे या. दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे खालचा तुकडा पाच मिलिमीटर आत जाईल इतका मोठा ठेवा, म्हणजे फट राहत नाही.

प्रश्न : फ्रेम करताना काय पाहावे? वर वॉर्निश लावावे का? (पणजी)

वॉर्निश नको. बरीच वॉर्निशे काही वर्षांत पिवळी पडतात, आणि पातळ कागद ती शोषून आरपार होतो.

काच चित्राला टेकता कामा नये. दमट हवेत काचेच्या आत बाष्प धरते आणि चकचकीत कागद काचेलाच चिकटतो. मध्ये किमान दोन-तीन मिलिमीटर जाडीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घाला. फ्रेमवाले मागे हार्डबोर्ड लावतात. तो आणि चित्र यांच्यामध्ये आम्लमुक्त कागद किंवा जाड हातकागद घालायला सांगा. फ्रेम भिंतीला सपाट न टेकता खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल चित्रात उतरत नाही.

जागा निवडताना खिडकीसमोरची भिंत सोडा. छपाईच्या रंगांत पिवळा आणि गुलाबी आधी उडतात, निळा मागे राहतो. दुकानांच्या काचेवरची जुनी पोस्टरे निळसर दिसतात ती त्यामुळेच. कोलाजमध्ये प्रत्येक तुकडा वेगळ्या छापखान्यातला असल्याने ते एकसारखे फिके पडत नाहीत. एक चेहरा निळा होतो आणि शेजारचे फूल लालच राहते. ट्यूबलाइटच्या उजेडातली आतल्या खोलीची भिंत चालेल, दारासमोरची व्हरांड्याची भिंत नको.